अंतर मोजणारा कॅमेरा

जुलैतल्या एका रविवारी आजोळी, भिवपुरीला गेलो होतो. पावसाळ्यात रविवारची कर्जत लोकल भिवपुरी रोडला अर्धी रिकामी होते. सगळी गर्दी धबधब्याला. स्टेशनबाहेर भाताची लावणी चालू होती. गुडघाभर चिखलात सात-आठ बाया वाकून रोपं लावत होत्या. रस्त्यावर एक तरुण थांबला, पिशवीतून हातभर लांबीची लेन्स काढली, कॅमेऱ्याला लावली आणि पटापट फोटो काढू लागला. एका बाईच्या ते लक्षात आलं. तिने पदर ओढला आणि पाठ फिरवली. त्याला ते दिसलं नाही, कारण तो तेव्हा मान खाली घालून स्क्रीनवर आपलेच फोटो बघत होता. दोघांमध्ये शंभरेक पावलांचं अंतर होतं. ते चालून जायला त्याला दोन मिनिटं लागली असती.

माझ्यासोबत मामेभावाचा मुलगा होता. तो कर्जत-नेरळ भागात लग्नाचे फोटो काढतो. त्याच्या गळ्यात त्या दिवशी त्याच्या आजोबांचा, म्हणजे माझ्या मरहूम मामूंचा कॅमेरा होता. याशिका इलेक्ट्रो ३५. तो हसून म्हणाला, "चाचा, या डब्याने इथून फोटो काढला तर ती बाई मुंगीएवढी येईल."

मी म्हणालो, "म्हणूनच तो डबा चांगला."

तिथून आमचा वाद सुरू झाला तो रात्री जेवणापर्यंत चालला. वादाचा विषय वरवर पाहता हौशी लोकांचा आहे: कॅमेरा कंपन्यांनी रेंजफाइंडर कॅमेरे पुन्हा बनवावेत का? दोन वेळच्या रोटीची भ्रांत असलेल्या देशात हा कसला प्रश्न, असं काही वाचक म्हणतील. पण आमचे फोटो कोण काढतो, किती अंतरावरून काढतो आणि त्यात आम्ही कसे दिसतो, हा प्रश्न हौसेचा नाही. म्हणून लिहितो आहे.

आधी त्या कॅमेऱ्याविषयी. मामू कुवेतला होते. सत्तरच्या दशकात कोकणातल्या मुसलमान घरांमध्ये आखातातून ज्या चार गोष्टी हमखास यायच्या, त्यात टेपरेकॉर्डर, सुगंधी साबण, पॉलिस्टरचं कापड आणि जपानी कॅमेरा असायचा. याशिकाने इलेक्ट्रो ३५ पहिल्यांदा १९६६ मध्ये बाजारात आणला. त्याची जीएसएन ही आवृत्ती १९७३ ची. मामूंनी आणला तो हाच. ४५ मिलिमीटरची न बदलता येणारी लेन्स, एफ १.७ चं मोठं छिद्र, म्हणजे कंदिलाच्या उजेडातही फोटो निघायचा. उजेड कमी पडला तर पिवळा दिवा, जास्त झाला तर लाल दिवा. बाकी हिशेब कॅमेरा स्वतः करायचा.

एक गोष्ट मात्र तो स्वतः करत नसे. अंतर माणसालाच मोजावं लागे.

रेंजफाइंडर म्हणजे शब्दशः अंतर मोजणारा. कॅमेऱ्याच्या समोरच्या बाजूला दोन छोट्या खिडक्या असतात, एकमेकींपासून काही सेंटिमीटर दूर. मागच्या भोकाला डोळा लावला की समोरचं दृश्य दिसतं आणि मधोमध एक पिवळसर चौकोन दिसतो. त्या चौकोनात दुसऱ्या खिडकीतून आलेली प्रतिमा असते. समोरचा माणस त्यामुळे दुहेरी दिसतो: दोन नाकं, चार डोळे. लेन्सचं कडं फिरवत गेलं की दोन्ही प्रतिमा सरकत सरकत एकमेकींवर येतात. त्या एकजीव झाल्या की अंतर बरोबर जुळलं. आपले दोन डोळे जवळ-लांबचा अंदाज घेतात तेच हे तत्त्व. जमीन मोजणारे त्रिकोणांनी डोंगराचं अंतर काढायचे, तेही हेच.

याचे तोटे आधी सांगून टाकतो, कारण पुतण्याने ते मला एकेक करून ऐकवले आणि त्याचं एकही म्हणणं खोटं नव्हतं. आपण लेन्समधून बघत नाही, शेजारच्या खिडकीतून बघतो. त्यामुळे जवळच्या वस्तूचा फोटो किंचित सरकतो. लेन्सवर झाकण तसंच राहिलं तरी खिडकीतून सगळं झकास दिसतं. मामूंनी एका खालाच्या निकाहात अर्धा रोल झाकण लावूनच काढला होता. ती खाला पुढे चाळीस वर्षं त्यांना टोमणे मारत होती. याशिकाने ऐंशी सेंटिमीटरच्या आत फोकस होत नाही. लांबच्या लेन्सचा तर प्रश्नच नाही. लेन्स बदलता येणाऱ्या रेंजफाइंडरमध्येही १३५ मिलिमीटरच्या पुढे गाडी सरकत नाही. पक्षी, क्रिकेट, मंचावरचा पुढारी, सगळं बाद.

या तोट्यांमुळेच तो मागे पडला. १९३२ मध्ये लायका आणि कॉन्टॅक्स या जर्मन कॅमेऱ्यांत लेन्सला जोडलेला रेंजफाइंडर आला. १९५४ चा लायका एम३ म्हणजे या जातीचा कळस. पण पाचच वर्षांत, १९५९ मध्ये, निकॉनने आपल्याच एसपी या रेंजफाइंडरच्या सांगाड्यात आरसा बसवून निकॉन एफ काढला. आता लेन्समधून दिसेल तेच फिल्मवर उमटणार होतं. वर्तमानपत्रांचे छायाचित्रकार हळूहळू तिकडे वळले. रेंजफाइंडर घरगुती कॅमेरा होऊन उरला, आणि पुढे ऑटोफोकसने तेही घर त्याच्याकडून काढून घेतलं.

मग आता त्याला परत का बोलवायचं? पुतण्याचा सवाल नेमका होता. "चाचा, आरसा आता माझ्या कॅमेऱ्यातही नाही. मिररलेस आहे. आवाज नाही, लहान आहे, डोळ्यावर आपोआप फोकस होतो. निकाहाला काझीसाहेब 'कबूल है?' विचारतात तेव्हा नवरीच्या चेहऱ्यावर जे येतं ते एक सेकंद टिकतं. मी तिथे कडं फिरवत बसू?"

याला माझ्याकडे उत्तर नाही. लग्नाच्या कामाला रेंजफाइंडर घेऊन जा असं मी म्हणणार नाही. पोट ज्यावर चालतं ते हत्यार सोयीचंच हवं.

पण सगळे फोटो लग्नाचे नसतात.

आमच्या नानीचा आयुष्यातला एकच फोटो आहे. तिने कधी स्टुडिओची पायरी चढली नाही. परक्या माणसासमोर बसायचा संकोच, आणि तस्वीर काढावी की नाही याविषयीची जुनी शंकाही होती. मामू सुट्टीवर आले असताना ती ओटीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. मामू समोर बसले, हातभर अंतरावर, कॅमेरा डोळ्याला लावला आणि बोलत राहिले. नानी म्हणत होती, "ठेव ते यंत्र बाजूला." मामू म्हणत होते, "ठेवतो, पण आधी सांग, काल भाकरी कुणी जाळली?" ती हसली. फोटोत तिचे डोळे स्वच्छ आहेत, सुपाची कड थोडी धूसर आहे. ते हसू कॅमेऱ्याला दिलेलं नाही, लेकाला दिलेलं आहे.

तो फोटो रेंजफाइंडरने निघाला म्हणून तसा आला, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. तो आला कारण काढणारा तिचा मुलगा होता. पण हे यंत्र त्याच्या आड आलं नाही, हेही खरं. तोंडासमोर मोठं भिंग रोखलेलं नव्हतं, आवाज नव्हता, आणि फोटो काढायला जवळ बसण्याशिवाय इलाजच नव्हता. काही यंत्रं माणसाला जवळ जायला भाग पाडतात, काही लांब राहण्याची मुभा देतात. मुभा मिळाली की माणूस ती घेतो.

आता आमच्या वाचकांनी वर्षानुवर्षं पाहिलेले फोटो आठवा. ईदच्या दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र उघडा. सज्दात झुकलेल्या शेकडो पाठी, उंचावरून, लांबच्या लेन्सने. गळाभेट घेणारी दोन गोंडस मुलं. रमजानात मोहम्मद अली रोडवरचे धुरात हरवलेले कबाब. आणि बातमी दंग्याची किंवा तलाकची असेल तर बुरख्यातल्या तीन बायका, पाठमोऱ्या. ही बाई कोण, तिचं नाव काय, ती बाजारात कोथिंबीर आणायला आली आहे की मुलाच्या शाळेत पालकसभेला, याचा पत्ता नाही. भिवपुरीच्या चिखलातली ती बाई आणि ही बुरख्यातली बाई, दोघींचा फोटो एकाच अंतरावरून निघतो. आदिवासी वाड्यांवर शनिवार-रविवारी कॅमेरे घेऊन फिरणारे आमच्यापैकीही असतात, तेव्हा हा दोष फक्त दुसऱ्यांच्या माथी मारून मोकळं होता येणार नाही.

आँरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने १९४८ मध्ये श्रीनगरच्या हरी पर्बतच्या उतारावर काढलेला फोटो जगप्रसिद्ध आहे. काश्मिरी मुसलमान बायका हिमालयाकडे तोंड करून दुआ मागत आहेत. त्याही पाठमोऱ्याच. पण फोटोकडे पाहताना आपण त्यांच्या मागे, चार पावलांवर उभे आहोत असं वाटतं. त्यांच्याकडे नाही, त्यांच्यासोबत बघतो आहोत असं वाटतं. कार्तिए-ब्रेसाँ लायकाने फोटो काढायचा. त्याच वर्षी ३० जानेवारीला तो दिल्लीत गांधीजींना भेटला होता आणि त्यानंतर थोड्याच वेळात त्यांची हत्या झाली. त्या दिवसांतले त्याचे फोटो गर्दीच्या आत शिरून काढलेले आहेत.

इथे पुतण्याने मला पकडलं. "म्हणजे कॅमेरा भारी म्हणून माणूस भारी?" नाही. होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या आणि स्वातंत्र्याच्या काळातली दिल्ली त्यांनी स्पीड ग्राफिक आणि रोलिफ्लेक्ससारख्या जडजंबाल कॅमेऱ्यांवर टिपली, तीही साडी नेसून, पुरुषांच्या गर्दीत. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं ते कॅमेऱ्याला नव्हे, नजरेला. उलट बाजूने, खिशातल्या लायकाने न विचारता चोरून फोटो काढणारेही पुष्कळ झाले. यंत्र माणसाला सज्जन करत नाही. ते फक्त सवय लावतं. माझं म्हणणं एवढंच की बाजारात असं एक तरी यंत्र परवडणाऱ्या किमतीत असावं, जे जवळ जाण्याची सवय लावेल.

आणि खरं दुखणं तिथेच आहे. रेंजफाइंडर मेलेला नाही, तो श्रीमंतांच्या घरी राहायला गेला आहे. एप्सनने २००४ मध्ये पहिला डिजिटल रेंजफाइंडर आर-डी१ काढला. लायकाचा एम८ २००६ चा. आज खराखुरा डिजिटल रेंजफाइंडर बनवणारे म्हणजे जर्मनीची लायका आणि फ्रान्समधली पिक्सी ही छोटी कंपनी. लायकाचा एम११ २०२२ मध्ये आला तेव्हा त्याची किंमत जवळपास नऊ हजार डॉलर होती, लेन्स वेगळी. त्याच वर्षी त्यांनी १९८४ चा फिल्मवरचा एम६ पुन्हा काढला, पाच हजार डॉलरच्या वर. या पैशात कर्जतला एखाद्याचा फोटो स्टुडिओ उभा राहील. निकॉननेही २००० मध्ये एस३ आणि २००५ मध्ये एसपी हे आपले जुने कॅमेरे मर्यादित संख्येत पुन्हा बनवले होते. त्यातले किती वापरले गेले आणि किती काचेच्या कपाटात गेले, याचा अंदाज कुणीही करावा. याला पुनरुज्जीवन म्हणत नाहीत. हा पेंढा भरलेला वाघ.

दुसरा प्रकार नुसत्या चेहऱ्याचा. फुजीफिल्मचा एक्स१०० दिसतो जुन्या रेंजफाइंडरसारखा. कॅमेरा उत्तम आहे, त्यात डोळ्याने आरपार बघायची खिडकीही आहे, पण दोन प्रतिमा जुळवायची रेंजफाइंडरची यंत्रणा नाही. २०२४ मध्ये त्याची सहावी आवृत्ती आली तेव्हा मागणी इतकी होती की लोक महिनोन्‌महिने वाट बघत बसले. म्हणजे भूक आहे. आणि गंमत बघा, २०२५ मध्ये खुद्द लायकाने एम मालिकेत रेंजफाइंडर काढून त्या जागी इलेक्ट्रॉनिक पडदा बसवलेला कॅमेरा आणला. चेहरा राहिला, डोळा बदलला.

व्हॉट्सॲपवर आमच्या लोकांत एक मेसेज फिरतो की कॅमेरा हा शब्द अरबी आहे आणि इब्न अल-हैसमने कॅमेरा शोधला. शब्द अरबी नाही, लॅटिन आहे, त्याचा अर्थ खोली. आपला 'कमरा'ही त्याच शब्दातून पोर्तुगीजांमार्फत आलेला. इब्न अल-हैसमचं मोठेपण वेगळं आहे. हजार वर्षांपूर्वी कैरोत बसून त्याने अंधाऱ्या खोलीत भोकातून येणाऱ्या उजेडाचे प्रयोग केले आणि डोळ्यातून किरण बाहेर पडत नाहीत, उजेड डोळ्यात येतो, हे तपासून मांडलं. वारसा नावाचा नसतो, रीतीचा असतो. रेंजफाइंडरचंही तेच. जुनं चामडं आणि पितळी चकती म्हणजे रेंजफाइंडर नव्हे.

तेव्हा कंपन्यांनी हा कॅमेरा पुन्हा बनवावा का? बनवावा, पण माझ्या काही अटी आहेत.

पहिली, किंमत. जपानच्या कोसिना कंपनीने फोइग्टलेंडर बेसा नावाचे रेंजफाइंडर २००० पासून २०१५ पर्यंत बनवले आणि ते लायकापेक्षा कितीतरी स्वस्त विकले. म्हणजे हे अशक्य नाही. शिवाय लायकाच्या एम खाचेला बसणाऱ्या स्वस्त लेन्स आज चिनी कंपन्या बनवत आहेत. भिंगं बाजारात आहेत, त्यांना लावायला गरिबाचा कॅमेरा नाही. दोन प्रतिमा जुळवणारी यंत्रणा नाजूक असते, हाताने बसवावी लागते, म्हणून महाग पडते, हे मान्य. पण मधल्या दर्जाच्या मिररलेसच्या किमतीपर्यंत ती आणता आली पाहिजे. पेंटॅक्सने २०२४ मध्ये पाचशे डॉलरला फिल्मवरचा नवा कॅमेरा काढून दाखवला. तो रेंजफाइंडर नाही, पण जुन्या वाटेने स्वस्तात जाता येतं एवढं त्यातून दिसतं.

दुसरी अट दुरुस्तीची. मामूंची याशिका अडकली तेव्हा पुतण्या ती घेऊन मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात गेला. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने दुसऱ्या मेलेल्या याशिकातून एक तुकडा काढून हिच्यात बसवला. अवयवदानावर चाललंय सगळं. तिची मूळची बॅटरी पाऱ्याची, ५.६ व्होल्टची. पारा विषारी म्हणून ती बंद झाली, तेही योग्यच झालं. आता तिथे जुगाड करून दुसरी बसवावी लागते. पण पन्नास वर्षांनंतर ती चालू होऊ शकली, कारण ती स्क्रूने उघडते. आजचा कॅमेरा पन्नास वर्षांनी कुणाचा नातू उघडू शकेल? युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून ग्राहकाला स्वतः काढता येईल अशी बॅटरी बहुतेक उपकरणांत सक्तीची होणार आहे. आपल्याकडेही केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. नवा रेंजफाइंडर काढणाऱ्याने सुटे भाग आणि दुरुस्तीची पुस्तिका खुली करावी. नाहीतर तो जुन्या कपड्यातला नवा कचरा ठरेल.

जुनं टिकतं कसं, हे भिवपुरीला कुणी शिकवायची गरज नाही. नाना ज्या वीजघरात कामाला होते ते टाटांचं वीजघर १९२२ चं. सह्याद्रीवरून ठोकरवाडीचं पाणी नळांतून खाली येतं आणि वीज होते. शंभर वर्षं उलटली, यंत्रं बदलली, दुरुस्त झाली, पण वीजघर चालू आहे. एक स्टेशन अलीकडे नेरळ. तिथून माथेरानला जाणारी छोटी गाडी अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०७ मध्ये पूर्ण केली. मोटारीने दस्तुरीपर्यंत लवकर पोचता येतं, तरी पुरात रूळ वाहून गेले की ते पुन्हा बसवले जातात. कारण ती गाडी फक्त पोचवत नाही, वाट दाखवते. ती गाडी श्रीमंतांपुरती ठेवली असती तर मात्र आज कुणी तिच्यासाठी भांडलं नसतं.

रात्री जेवताना पुतण्याने शेवटचा मुद्दा काढला. "चाचा, फोन आहे सगळ्यांकडे. जवळ जायचंच असेल तर फोनने जावं." खरं आहे. फोननेही जाता येतं. जाणारे जातातही. पण फोन धरला की आपण पडद्याकडे बघतो. रेंजफाइंडरच्या खिडकीत समोरचा माणूस दिसतो आणि चौकटीच्या बाहेरचंही दिसतं: शेजारी कोण उभं आहे, कोण येत आहे, कुणाला आपलं इथे असणं आवडलेलं नाही. पदर ओढणारी बाई त्या खिडकीत नक्की दिसली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस उघडला. पुतण्या याशिका घेऊन एकटाच शेताकडे गेला. तासाभराने परत आला तो पायाला चिखल घेऊन. बायांनी त्याला आधी दोन ओळी रोपं लावायला लावली होती, मग फोटो. "त्यातली एक जण दादाजानना ओळखत होती," तो म्हणाला. "म्हणाली, कुवेतवाल्याचा नातू ना तू? फोटो आणून दे हां, तुझ्या आजोबाने दिला होता."

रोल मुंबईला धुवायला गेला. छत्तीसपैकी पहिले सहा कोरे निघाले. लेन्सवर झाकण तसंच होतं.

बाकीचे तीस घेऊन तो पुढच्या रविवारी भिवपुरीला जाणार आहे.